बाहेर राहण्याचे बळ

श्रीलंकेत भारतीय शांतिसेना अपयशी का ठरली, या प्रश्नाची आपल्याकडे ठरलेली उत्तरे आहेत. गुप्तचरांची माहिती अपुरी होती, राजकीय आदेश धरसोडीचे होते, गनिमी युद्धाच्या तयारीला सवड मिळाली नाही. ही उत्तरे खोटी नाहीत, पण ती रणांगणापाशीच थांबतात. मूळ चूक त्याच्या आधीची आहे. भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना मनापासून नको असलेल्या तडजोडीला भारत जामीन राहिला आणि ती वसूल करायला स्वतःचे सैन्य घेऊन उतरला. तोवर कोलंबोवर असलेला भारताचा दबाव त्या क्षणापासून ओसरू लागला.

या वादाची मुळे जुनी आहेत. 1956 च्या कायद्याने सिंहली ही एकमेव राजभाषा झाली, तमिळांच्या तक्रारी वाढत गेल्या आणि जुलै 1983 च्या तमिळविरोधी हिंसाचाराने उरलासुरला विश्वासही संपवला. निर्वासितांचे लोंढे तमिळनाडूत आले. तेव्हा दिल्लीने एकाच वेळी दोन वाटा धरल्या: एका हाताने मध्यस्थी, दुसऱ्या हाताने तमिळ सशस्त्र गटांना प्रशिक्षण आणि शस्त्रे. 1985 मध्ये थिंफूला चर्चा झाली, ती फसली. 1987 च्या उन्हाळ्यात श्रीलंकेच्या लष्कराने जाफना द्वीपकल्पात मोठी मोहीम उघडली, तेव्हा 4 जून रोजी भारतीय विमानांनी तिथे अन्नधान्य टाकले. श्रीलंकेच्या सार्वभौमत्वाचा तो उघड भंग होता, पण परिणाम झाला. मोहीम थांबली आणि राष्ट्राध्यक्ष जयवर्धने कराराला तयार झाले.

29 जुलैला कोलंबोत करार झाला. त्यावर सह्या राजीव गांधी आणि जयवर्धने यांच्या होत्या, लढणाऱ्या तमिळ संघटनांपैकी कोणाचीही नव्हती. तरीही युद्धबंदीनंतर 72 तासांत या संघटनांनी शस्त्रे खाली ठेवायची होती आणि सगळ्याची हमी भारताने दिली होती. त्यांपैकी एलटीटीई या संघटनेने थोडी शस्त्रे दिली, बाकीची राखली. करारावर सह्या झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मानवंदनेच्या वेळी एका श्रीलंकन नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. सिंहली मनातला राग त्यात दिसला. ऑक्टोबरमध्ये, आपणच प्रशिक्षण आणि शस्त्रे दिलेल्या एलटीटीईशी भारताचे युद्ध जुंपले. जाफना शहर काही आठवड्यांत हाती आले, पण लढवय्ये जंगलात गेले. सैनिक कमी पडले असे मुळीच नाही. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन 25 नोव्हेंबर 1987 रोजी तिथे धारातीर्थी पडले; त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. सुमारे 1,200 जवान गमावूनही वाद जागच्या जागीच राहिला.

यावर पहिला आक्षेप असा की भारताने हात बांधून बसणे शक्यच नव्हते. तमिळनाडूतले जनमत पेटले होते आणि त्रिंकोमाली बंदरात परक्या सत्तांचा शिरकाव होण्याची भीती होती. हे मान्यच आहे. पण दबाव आणणे आणि पहारा देणे ही वेगवेगळी कामे आहेत. अन्नधान्याच्या विमानांनी जे काम एका दिवसात केले, ते हजारो सैनिकांना अडीच वर्षांत जमले नाही. भारतीय सैन्य उत्तरेत आल्यामुळे जयवर्धने यांना आपले लष्कर दक्षिणेतल्या जेव्हीपी या डाव्या सिंहली संघटनेच्या बंडाकडे वळवता आले. त्यांच्यानंतर आलेल्या प्रेमदासांनी तर भारताला निघून जायला सांगितले आणि त्यासाठी एलटीटीईलाच शस्त्रे पुरवली. एकमेकांचे वैरी असलेल्या दोघांना एकत्र आणणारा समान शत्रू भारतच ठरला. मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी परतली. पुढच्याच वर्षी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: करारामुळेच श्रीलंकेच्या राज्यघटनेत तेरावी दुरुस्ती आली, प्रांतिक परिषदा निर्माण झाल्या, आणि सत्तेच्या विकेंद्रीकरणाचा तोच आधार आजही उरला आहे. खरे आहे, पण दुरुस्ती कागदावर आली ती वाटाघाटींच्या दबावामुळे, आणि परिषदांना पुरेसे अधिकार मिळवून देणे बंदुकीला साधले नाही. ईशान्येच्या प्रांतिक परिषदेचे सरकार शांतिसेनेच्या आधारावर उभे होते. सैन्य परतताच ते कोसळले. 2009 मध्ये एलटीटीईचा पाडाव झाला, तरी तमिळांना सत्तेत किती वाटा द्यायचा हा प्रश्न सुटलेला नाही.

मोठ्या शेजाऱ्याला व्यापार, मदत, सीमा आणि जनमत यांमुळे आपोआपच वजन येते. ते टिकते, कारण दोन्ही बाजूंना त्याची गरज भासते. तोच शेजारी फौज घेऊन आत आला की प्रत्येक मृत्यूचा हिशेब त्याच्या नावावर चढतो आणि ज्यांना समजुतीने वळवायचे, तेच त्याला घालवण्याच्या मागे लागतात. म्हणून हमी देण्यापूर्वी दिल्लीने एकच प्रश्न विचारायला हवा होता: शस्त्रे ज्यांच्या हाती आहेत, त्यांची सही या कागदावर आहे का?