असं का होतं? : लेण्यातला काळोख हळूहळू का उजळतो?

जोगेश्वरीच्या सहाव्या शतकातल्या लेण्यात उन्हातून शिरलं की आधी काळोखच दिसतो. थांबलं, की खांब आणि झिजलेली शिल्पं उमटू लागतात. घाईने परतणाऱ्यांचं फार काही बघायचं राहून जातं.

डोळ्याची बाहुली काही सेकंदांत मोठी होते. खरं काम दृष्टिपटलावर चालतं. तिथल्या, मंद उजेडात पाहणाऱ्या दंडपेशींतलं ऱ्होडॉप्सिन हे प्रकाश टिपणारं रंगद्रव्य प्रखर उजेडात विघटित होतं. अंधारात ते ‘अ’ जीवनसत्त्वापासून पुन्हा तयार होतं आणि त्याला जवळपास अर्धा तास लागतो. हे जीवनसत्त्व फार कमी पडलं, तर रातांधळेपणा येतो.

आकाशनिरीक्षकही याच पेशींवर विसंबतात. लाल उजेड या पेशींना फारसा जाणवत नाही, म्हणून निरीक्षक नकाशा लाल विजेरीत वाचतात. दृष्टीच्या अगदी मध्यावर या पेशी नसतातच. त्यामुळे 25 लाख प्रकाशवर्षं दूरची देवयानी दीर्घिका नजर किंचित बाजूला ठेवल्यावर जास्त स्पष्ट दिसते.