पांदणीच्या चिखलाला टिकेल अशी चेन



बैल घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. मोटारसायकलची चेन घेताना मात्र "एक चेन द्या" म्हणतो आणि दुकानदार देईल ती पिशवीत घालून घरी येतो. आज परभणी, जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, कोणत्याही तालुक्यात पाहा. दुधाचा कॅन, खताचे पोते, फवारणीचा पंप, शाळेचे पोर आणि दवाखान्याचा रोगी, सारे मोटारसायकलवरूनच जाते. गाडी बनवली डांबरी रस्त्यासाठी आणि आपण ती चालवतो पांदणीतून. हा सगळा भार एका चेनवर असतो.

माझीच फजिती सांगतो. एका उन्हाळ्यात मी चेन नवी टाकली, पण पैसे वाचवायचे म्हणून दातेरी चक्रे, म्हणजे स्प्रॉकेट, जुनीच ठेवली. श्रावणात एका शिवारात पाहणीला निघालो. मागे एक शेतकरी बसले होते. पांदणीत चेन उतरली, चक्रात अडकली आणि मागचे चाक जागीच जाम झाले. खाली चिखल होता म्हणून दोघेही धडधाकट उठलो. हेच डांबरी रस्त्यावर घडले असते आणि मागे बाई-लेकरू असते तर? त्या दिवसापासून चेनकडे मी बियाण्याइतक्याच बारकाईने पाहतो.

चेन लांबते म्हणजे काय होते?

चेन ताणली असे आपण म्हणतो, पण लोखंड काही रबरासारखे ताणले जात नाही. प्रत्येक कडीत एक पिन असते आणि ती एका नळीत फिरते. पिन आणि नळी झिजली की कडी थोडी सैल होते. एका कडीला मिलिमीटरचा दहावा हिस्सा झिजला, तरी १०८ कड्यांची चेन एक सेंटिमीटरहून जास्त लांबते. आपली काळी माती डिंकासारखी चिकटते आणि रस्त्यावरच्या मुरमाचे बारीक कण तिच्यात अडकून बसतात. त्यावर तेल ओतले की कानशीच चालू झाली म्हणून समजा.

नंबर वाचायला शिका

चेनच्या पट्टीवर नंबर कोरलेला असतो. लहान गाड्यांना बहुधा ४२८ नंबरची चेन असते. पहिला आकडा ४, म्हणजे एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचे अंतर इंचाचे चार अष्टमांश, अर्थात अर्धा इंच. ५२० किंवा ५३० नंबरच्या चेनमध्ये हेच अंतर पाच अष्टमांश इंच असते. शेवटचे दोन आकडे आतली रुंदी दाखवतात. नंबरापुढे 'एच' हे अक्षर असेल तर पट्ट्या जाड आहेत असे समजावे. ओझे वाहणाऱ्या गाडीला हा प्रकार चांगला. नंबर आणि कड्यांची संख्या गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच घ्यावी. "बसते की, चालून जाईल" यावर विसंबू नये.

साधी की सीलबंद?

काही चेनमध्ये प्रत्येक पिनेजवळ रबराची बारीक कडी असते. तिच्यामुळे आतले ग्रीस आत राहते आणि माती बाहेर राहते. ज्यांच्या गाडीची चेन उघडी आहे आणि ज्यांना रोज चिखलातून जावे लागते, त्यांनी ही चेन जरूर पाहावी. ती महाग असते आणि थोडी रुंदही असते. म्हणून आपल्या गाडीला कुठे घासत तर नाही ना, हे मेकॅनिककडून आधी तपासून घ्यावे. ती पेट्रोलने धुऊ नये, रबर खराब होते.

ज्यांच्या गाडीची चेन पूर्ण झाकणात आहे त्यांना साधी चेनही पुरते. मात्र झाकण काढून टाकण्याची चूक करू नका. पावसाळ्यात आत गाळ साचतो, तो अधूनमधून काढावा.

जोडी एकदम बदला

एक बैल तरणा आणि एक थकलेला असेल तर जू तिरपे होते आणि तरणाही लवकर खचतो. चेनचेही तसेच आहे. जुन्या चक्राचे दात झिजून वाकडे आणि टोकदार झालेले असतात. ते नव्या चेनला थोड्याच दिवसांत जुनी करतात. म्हणून चेन आणि दोन्ही चक्रे एकदम बदलावीत. बियाण्यासारखीच पक्की पावती घ्यावी.

ओढ वाढावी म्हणून काही जण पुढचे चक्र एका दाताने लहान करतात. १४ ऐवजी १३ दात केले तर ओढ सुमारे आठ टक्क्यांनी वाढते आणि वेग सुमारे सात टक्क्यांनी कमी होतो. पण लहान चक्रावर चेन जास्त वाकते आणि लवकर झिजते, हेही लक्षात ठेवावे.

गुजरातेत अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगाणी यांनी मोटारसायकलच्या मागे दोन चाके बसवून कोळपणी-पेरणीचे तीनचाकी यंत्र बनवले. 'बुलेट सांती' म्हणून ते प्रसिद्ध आहे. तसे काही करायचे मनात असेल तर ध्यानात घ्या, औत ओढताना चेनवर सतत जोर येतो. तिथे रस्त्यावरच्या हलक्या गाडीची चेन लावू नये.

घरच्या घरी तपासणी

नंबर ४ ने सुरू होत असेल तर चेन ताठ धरून पहिल्या पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजा. नवी चेन २५४ मिलिमीटर भरते. २५९ भरली की ती बदलावी.

चेन आधी रॉकेल आणि ब्रशने साफ करावी, पुसावी आणि मगच गिअर ऑइल लावावे. इंजिनातले जळके ऑइल वापरू नये, त्यात धातूचे कण असतात. चेन फार ताठही ठेवू नये. मागे पोते ठेवले की ती आणखी ताणली जाते. लॉक वरच्या बाजूला असताना त्याच्या क्लिपचे बंद टोक पुढच्या चाकाकडे हवे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. इंजिन चालू ठेवून चेनला फडके लावू नका, बोट जाते. लेकरांना चालू गाडीजवळ बसू देऊ नका. पदर अडकू नये म्हणून मागच्या चाकाला निम्मे तरी झाकणारी जाळी कायद्यानेही सक्तीची आहे. ती काढली असेल तर आजच बसवून घ्या.

पोळ्याला आपण बैलांचे खांदे मळतो. पेरणीची घाई सुरू होण्याआधी एक संध्याकाळ गाडीच्या चेनलाही द्या. अख्खे घर तिच्याच भरवशावर बाहेर पडते.