तीन मीटरांत बसवलेली जीप

एप्रिल १९७० मध्ये सुझुकीने जपानच्या बाजारात एक ठेंगणी, उघडी गाडी आणली. नाव जिम्नी. चेहरा जीपचा, पण मागे लटकणारी स्टेपनी नाही. ती गाडीच्या आत, चालकाशेजारच्या सीटमागे उभी करून ठेवलेली. त्यामुळे गाडीत तिघांनाच बसता येई.

हा खटाटोप कायद्यामुळे करावा लागला. जपानमध्ये ‘केई’ नावाचा छोट्या गाड्यांचा वर्ग आहे आणि त्यावर कर कमी लागतो. त्या काळी या वर्गात बसायचं तर गाडीची लांबी तीन मीटरच्या आत, रुंदी १.३ मीटरच्या आत आणि इंजिन ३६० सीसीपर्यंतच हवं. स्टेपनी मागे लावली असती, तर लांबीची मर्यादा मोडली असती. जिम्नीच्या चार पिढ्यांकडे पाहताना हे मोजमाप विसरून चालत नाही. गाडीचं बाह्यरूप पुष्कळदा नियमांनी ठरवलं. आतली यंत्ररचना मात्र डोंगरातल्या वाटांनी ठरवली, आणि ती जवळपास हललेलीच नाही.

मूळ कल्पना सुझुकीची नव्हती. होप मोटर नावाच्या एका छोट्या कंपनीने मित्सुबिशीचं इंजिन बसवून ‘होपस्टार ओएन३६०’ ही चारचाकी ओढीची गाडी तयार केली होती. मोजक्याच गाड्या बनल्या आणि कंपनीचं बळ संपलं. १९६८ मध्ये सुझुकीने तिचे हक्क घेतले. त्यामागे पुढे कंपनीचे प्रमुख झालेले ओसामु सुझुकी यांचा आग्रह होता. ते मूळचे मात्सुदा घराण्यातले. सुझुकी कुटुंबात लग्न झाल्यावर जपानी रिवाजाप्रमाणे दत्तक जावई होऊन त्यांनी सासरचं आडनाव घेतलं. कंपनीच्या आतूनही विरोध होता, पण ते मागे हटले नाहीत. मित्सुबिशीच्या जागी सुझुकीचं ३५९ सीसीचं, हवेने थंड होणारं टू-स्ट्रोक इंजिन आलं. ताकद फक्त २५ अश्वशक्ती.

एवढ्याशा ताकदीवर ही गाडी चढ कशी चढत असे? तिचं वजन कमी होतं आणि चारही चाकांना ओढ होती. शिवाय दुसरा एक ‘लो’ गिअर होता. तो टाकला की चाकं हळू फिरतात, पण जोर वाढतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: डावं आणि उजवं चाक एकाच अखंड एक्सलने जोडलेलं. एक चाक दगडावर चढून वर गेलं की तो एक्सल तराजूच्या दांडीसारखा कलतो आणि दुसरं चाक खाली जमिनीवर दाबलं जातं. चाक जमिनीला टेकलेलं असेल तरच ओढ उपयोगाची. या सगळ्याच्या खाली शिडीच्या आकाराची पोलादी चौकट, म्हणजे लॅडर फ्रेम. गुळगुळीत रस्त्यावर ही रचना हादरे देते आणि वळणावर गाडी झुलते. म्हणूनच बाकीच्या बहुतेक छोट्या एसयूव्ही कारच्या सांगाड्यावर गेल्या. जिम्नी गेली नाही. बर्फाळ खेड्यांत राहणारे आणि जंगलात काम करणारे लोक तिचे गिऱ्हाईक होते. त्यांना आरामापेक्षा संध्याकाळी घरी परतण्याची खात्री हवी होती.

१९७६ मध्ये केईची मर्यादा ५५० सीसी झाली आणि जिम्नीचं इंजिन लगेच ५३९ सीसीचं झालं. १९८१ मध्ये दुसरी पिढी आली, चौकोनी. याच पिढीने तिला जगभर नेलं. अमेरिकेत १९८५ पासून ती ‘सामुराई’ या नावाने विकली गेली आणि तिथेच तिला मोठा फटका बसला. १९८८ मध्ये ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक नियतकालिकाने, अचानक वळवल्यास ती उलटू शकते असं सांगून तिला ‘अस्वीकार्य’ ठरवलं. विक्री कोसळली. सुझुकीने १९९६ मध्ये दावा लावला. तो २००४ मध्ये तडजोडीने मिटला. तोवर अमेरिकेतली तिची विक्री थांबून नऊ वर्षं झाली होती. याच सामुराईत फेरफार करून चिलीच्या दोघा चालकांनी २००७ मध्ये ओहोस देल सालादो या ज्वालामुखीवर ६,६८८ मीटर उंची गाठली. मोटारीने गाठलेल्या उंचीचा तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता.

भारतात ही दुसरी पिढी १९८५ मध्ये ‘जिप्सी’ या नावाने आली, लांबीने थोडी वाढवून. लष्कराने तीस हजारांहून जास्त जिप्सी घेतल्या. पोलिसांनी घेतल्या, हिमालयातल्या रॅलीवाल्यांनी घेतल्या. ताडोब्यात तर सफारीची उघडी गाडी म्हणजेच जिप्सी. जपानमध्ये १९९५ मध्ये जिम्नीच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) जागी कॉइल स्प्रिंग आले, तरी जिप्सी २०१९ मध्ये बंद होईपर्यंत पाट्यांवरच धावली. सुरक्षेच्या आणि प्रदूषणाच्या नव्या नियमांपुढे तिचा जुना सांगाडा टिकणार नव्हता.

तिसरी पिढी १९९८ ची. कडा गोल झाल्या, पुढे चारचाकी ओढीसाठी बटणही आलं. ती वीस वर्षं चालली.

मग २०१८ मध्ये चौथी पिढी आली आणि सुझुकीने पुन्हा चौकोनाकडे वळण घेतलं. यात जुन्या आठवणींचा मोह नक्कीच आहे, पण कामाचा विचार जास्त आहे. सपाट बॉनेटचे कोपरे चालकाला बसल्या जागेवरून दिसतात. छताच्या कडेला पन्हळ आहे, म्हणजे दार उघडताना पाणी अंगावर येत नाही. झगझगीत पिवळा रंग ठेवला, तो खराब हवेत काम करणाऱ्यांची गाडी लांबून दिसावी म्हणून. बटण काढून पुन्हा हाताने ओढायचा दांडा दिला. आता केईची लांबी ३.४ मीटरपर्यंत चालते. ही गाडी ३,३९५ मिलिमीटर आहे. पाच मिलिमीटर उरले!

जुन्या रचनेवरची ही निष्ठा फुकट मिळत नाही. युरो एनकॅपच्या सुरक्षा चाचणीत तिला पाचापैकी तीनच तारे मिळाले. युरोपात कार्बन उत्सर्जनाच्या नियमांमुळे प्रवासी जिम्नी मागे घ्यावी लागली आणि ती दोन आसनांची मालवाहू गाडी म्हणून परतली.

भारताने तिच्यात घातलेली भर म्हणजे मागची दोन दारं. तीन दारांच्या जिम्नीपेक्षा चाकांमधलं अंतर ३४० मिलिमीटरने वाढवलेली पाच दारांची जिम्नी गुरुग्राममध्ये तयार होते आणि जून २०२३ पासून इथे विकली जाते. भारतीय गिऱ्हाइकांचा प्रतिसाद बेताचाच राहिला. त्याच पैशात ऐसपैस, मऊ गाड्या मिळत होत्या. जपानने मात्र वेगळा कौल दिला. ३० जानेवारी २०२५ रोजी ही गुरुग्रामची गाडी ‘जिम्नी नोमाड’ म्हणून तिथे जाहीर झाली. महिनाभरापूर्वीच, वयाच्या ९४ व्या वर्षी वारलेल्या ओसामु सुझुकींचा तो जन्मदिवस. महिन्याला १,२०० गाड्या विकण्याचा अंदाज होता. चार दिवसांत सुमारे ५०,००० मागण्या आल्या आणि कंपनीला नोंदणी थांबवावी लागली.