तवंग जातो कुठे?

दिवाळीचा तिसरा दिवस. चकल्यांची कढई, बेसनाच्या लाडवांचं तूप लागलेलं पातेलं आणि पाहुण्यांची ताटं डिशवॉशरमध्ये भरून आम्ही निर्धास्त झोपलो होतो. सकाळी दार उघडलं, तर तळाशी चार बोटं गढूळ पाणी, त्यावर पिवळट तवंग, आणि ताटांवरून बोट फिरवावं तर ओशट!

खांदा कॉलनीतल्या आमच्या घरात हे यंत्र आलं २०२० च्या टाळेबंदीत. कामाच्या मावशींना सोसायटीत येता येईना आणि भांड्यांचा ढीग तर रोजचाच. त्या वर्षी आमच्यासारख्या अनेक घरांत ते पहिल्यांदा आलं. यंत्र तसं जुनंच. अमेरिकेतल्या जोसेफीन कॉक्रेन या बाईंनी १८८६ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडलं. फक्त त्यांच्यापुढे चकलीची कढई नव्हती!

मी अर्थातच यंत्राला दोष दिला. दुरुस्तीला आलेल्या मुलाने आधी प्लग काढला, वाटीने आणि स्पंजाने पाणी उपसलं, मग तळाची जाळी फिरवून वर काढली. जाळी कसली, मेणाचा गोळाच तो! पिठाचे कण, मोहरी, कढीपत्त्याची पानं आणि सगळ्यांना घट्ट धरून बसलेलं तूप. पण त्याखालचा पंप मोकळा होता. मग त्याने सिंकखाली जाऊन यंत्राची नळी सोडवली. सिंकच्या पाइपाला ती जिथे जोडलेली होती, तिथे मेणबत्तीसारखा पांढरा बोळा बसला होता.

‘‘काका, मशीन चांगलं आहे,’’ तो म्हणाला. ‘‘तुम्ही याला तूप किती पाजता?’’

त्याने सांगितलं ते साधंच होतं, पण कधी डोक्यात आलं नव्हतं. यंत्रातलं पाणी तापतं, भांड्यांचं तूप वितळतं, साबणाच्या पावडरीने त्याचे बारीक थेंब होतात आणि पाण्याबरोबर निघून जातात. पण पाइप गार असतो. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं, तूप तर त्याआधीच. शेंगदाण्याचं तेल थिजत नाही, पण पीठ आणि पाण्यातले क्षार यांच्याशी त्याचा चिकट लगदा होतो. त्यात आम्ही वीज वाचवायची म्हणून रोज कमी तापमानाचा झटपट धुण्याचा कार्यक्रम लावत होतो. म्हणजे तूप धड वितळतही नव्हतं आणि धड बाहेरही पडत नव्हतं.

बोळा निघाला, यंत्र सुरू झालं. मी खुशीत लागोपाठ दोन वेळा गरम पाण्याचा कार्यक्रम चालवला. दुपारी दार वाजलं. तळमजल्यावरच्या काकू होत्या. वय सत्तरीच्या पुढचं, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले.

‘‘अरे, आमच्या मोरीतून पाणी उलटं येतंय. वरून तुमच्याकडूनच का रे काही आलं?’’

खाली गेलो. मागच्या चेंबरचं झाकण उघडलं, तर वर पांढरा थर. आमच्या विंगेतल्या सगळ्या स्वयंपाकघरांचं पाणी तिथेच उतरतं. तो थर एकट्या आमच्या घरचा नव्हता, हे खरं. पण काकू सकाळपासून गुडघ्यांवर बसून मोरी पुसत होत्या, आणि त्याच वेळी मी वर बसून आमचं तूप खाली ढकलत होतो, हेही तितकंच खरं. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात चरबीचा २५० मीटर लांब आणि सुमारे १३० टन वजनाचा गोळा सापडला होता. तोही घराघरांतल्या चमच्या-चमच्यानेच वाढला असणार.

तेव्हापासून आमच्या घरात काही नियम आले. कढई आणि तुपाचं पातेलं आधी जुन्या वर्तमानपत्राने कोरडं पुसायचं, तो कागद कचऱ्यात टाकायचा. (ही पुरवणी त्यासाठी वापरलीत तरी राग नाही, आधी वाचा मात्र!) ताटं विसळत बसायची गरज नाही, खरकटं निपटून काढलं की पुरे. तळलेलं तेल मोरीत ओतायचं नाही. जाळी आठवड्यातून एकदा काढून गरम पाणी, साबण आणि जुन्या टूथब्रशने घासायची. पाणी फवारणाऱ्या पंख्यांची भोकं काडीने मोकळी करायची आणि दाराच्या रबराची खालची कड पुसायची. ओशट भांडी असतील त्या दिवशी ६५-७० अंशांचा कार्यक्रम लावायचा. महिन्यातून एकदा यंत्र स्वच्छ करण्याचं औषध घालून ते रिकामंच चालवायचं. लिंबाचं सत्त्व क्षारांचे डाग घालवतं, तुपावर त्याची मात्रा फारशी चालत नाही. मोरी साफ करायचा कॉस्टिक सोडा यंत्रात चुकूनही टाकायचा नाही, आणि भांड्यांचा नेहमीचा लिक्विड साबणही नाही. त्याचा फेस थेट ओट्याखाली येतो. बाहेर जाणारी नळी ओट्याच्या खालच्या बाजूला उंच बांधून मग सिंकच्या पाइपाला जोडायची, म्हणजे सिंकचं पाणी उलटं यंत्रात शिरत नाही.

यातला एकही नियम नवा नाही. आमच्या मावशी कढई घासायला घेण्यापूर्वी तिला राख लावून कागदाने पुसून घ्यायच्या, आणि आम्हाला वाटायचं, उगाच वेळ काढतात! तवंग यंत्रात नाहीसा होत नाही, तो फक्त पुढे सरकतो आणि जिथे गार होतो तिथे कुणाचं तरी घर असतं, हे त्यांना न शिकता ठाऊक होतं.

परवा काकूंकडे पुरणपोळीचं जेवण होतं. जेवणं झाल्यावर तुपाची वाटी मी उचलली, कागदाने पुसली आणि मगच मोरीत ठेवली. काकू हसल्या. म्हणाल्या, ‘‘आता शिकलास!’’