दात भरला, तरी कळ का येते?

"भरायच्या आधी दुखत नव्हता, भरून आणला आणि दुखायला लागला!" दातांच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर हे वाक्य हमखास ऐकू येते. घरी येऊन थंड पाण्याचा पहिला घोट घेतला की दातातून जे काही सर्रकन जाते, त्याला मराठीत नेमका शब्द सापडत नाही. 'दात आंबले' म्हणावे तर ते चिंच-कैरी खाल्ल्यावरचे. 'ठणकतो' म्हणावे तर ते फार मोठे. अशा वेळी आपल्या सीमाभागातल्या घरांत कानडी मदतीला येते : 'हल्ल जुम् अंतद!' एवढ्याशा 'जुम्'मध्ये सगळे आले.

हे जुम् होते का? दाताचे वरचे कवच टणक असते, त्याला संवेदना नसते. त्याखालच्या पिवळसर थरात मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य बारीक नळ्या असतात आणि त्यांत पाण्यासारखा द्रव असतो. थंड, गरम किंवा गोड लागले की हा द्रव हलतो आणि आतल्या नसेला धक्का पोचतो. कीड कोरून काढताना याच नळ्या उघड्या पडतात, नसही थोडी चिडते. त्यातून चांदी भरलेली असेल तर धातूच तो. थंड-गरम चटकन आत पोचवणारच. दाताच्या रंगाचे फिलिंग निळ्या उजेडाने घट्ट करतात, तेव्हा ते किंचित आकसते. म्हणून ते थराथराने भरतात. काम चांगले झाले असले, तरी आठवडा-दोन आठवडे त्रास होऊ शकतो, आणि तो रोज थोडाथोडा कमी व्हायला हवा.

भाकरी चावतानाच कळ येत असेल, तर गोष्ट वेगळी. भरलेला भाग केसभर उंच राहिला असण्याची शक्यता जास्त. दात भरताना बधिरतेचे इंजेक्शन दिलेले असते, त्यामुळे खुर्चीत बसल्या बसल्या हे आपल्या लक्षातच येत नाही. डॉक्टर रंगीत कागद चावायला देतात आणि जिथे डाग जास्त उमटला तेवढेच घासतात. पाच मिनिटांचे काम! पण 'पुन्हा कुठे त्रास द्यायचा' म्हणून महिनोन्महिने दुसऱ्या बाजूने चावणारी भिडस्त माणसे घरोघरी आहेत.

नसेसाठी पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट मिळते. ती लगेच गुण देत नाही, दोन-तीन आठवडे रोज वापरावी लागते. मिश्री मात्र बंदच करावी. तिने दात झिजतात आणि तंबाखू तोंडात जाते ती वेगळीच. काहीजण डोकेदुखीची गोळी हिरडीवर दाबून धरतात. त्याने हिरडी भाजते, दात आहे तिथेच राहतो.

थंडाची कळ घोट संपल्यावरही बराच वेळ रेंगाळली, गरम चहाने दात ठणकला, रात्री आपोआप झोपमोड झाली किंवा हिरडी सुजली, तर वाट पाहू नये. नस बिघडत चालल्याच्या या खुणा आहेत. तेव्हा रूट कॅनल करून बहुधा दात वाचतो. आपल्याकडे मात्र वैतागून 'काढूनच टाका' म्हणण्याची घाई फार. दाढ गेली की शेजारचे दात त्या जागेत कलतात, समोरचा दात खाली किंवा वर सरकतो, आणि मग कवळीचा खर्च वेगळाच.

डॉक्टरांना मराठीत सांगा की कानडीत, पण नुसते 'दुखतंय' म्हणू नका. थंडाने की गरमाने, चावताना की आपोआप, आणि कळ किती वेळ राहते, एवढे दोन दिवस लक्ष ठेवून सांगितले की त्यांचे निम्मे काम होते.