गोव्याचा शिगमो : काय पाहाल, काय ऐकाल

फाल्गुन पौर्णिमेच्या आगेमागे गोव्यात शिगमो हा सण रंगतो. पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव आणि वास्को इथल्या मिरवणुकांत चित्ररथ, रोमटामेळ (ढोल-ताशांवरचा सामूहिक नाच), वेशभूषा असं सगळं असतं. खरी गोडी मात्र गावच्या मांडावर, म्हणजे गावकरी जमून नाचतात-गातात त्या जागी आहे.

घुमट : दोन तोंडांचं मातीचं मडकं. मोठ्या तोंडावर चामडं ताणलेलं, लहान तोंड उघडं. उजव्या हाताने थाप द्यायची आणि डाव्या तळव्याने लहान तोंड झाकत-उघडत नाद घुमवायचा. सोबतीला शामेळ (ढोल) आणि कांसाळे (झांज). पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. आता शेळीचं लावतात, आणि ते योग्यच आहे. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला.

गोफ : मुलांना आधी हाच दाखवा. वर मधोमध बांधलेल्या रंगीत दोऱ्यांची टोकं हातात धरून नाचणारे एकमेकांना ओलांडत फिरतात. बघता बघता वेणी विणली जाते. मग पावलं उलटी पडू लागतात आणि तीच वेणी सुटत जाते. एकाचं पाऊल चुकलं तरी गुंता होतो, म्हणून सगळ्यांचं लक्ष तालावर.

घोडेमोडणी : सत्तरी, डिचोली भागातला नाच. कमरेला लाकडी घोडा, डोक्याला फेटा, हातात तलवार.

शहरातल्या मिरवणुका संध्याकाळी निघून रात्री उशिरापर्यंत चालतात. लहान मुलं सोबत असतील तर लवकर जाऊन जागा धरा. गावच्या मांडावर मात्र शिगमो हा देवाचा विधी असतो. तिथे चपला बाहेर काढा आणि फोटो विचारूनच घ्या.