तगून राहण्याचे मोल

विषयाचे नाव ऐकून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. वसंतातल्या या ज्ञानसत्रात फुटबॉलला, आणि त्यातही इंग्लंडमधल्या एका क्लबाच्या धडपडीला जागा कशासाठी, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. आमचे उत्तर असे की, हा प्रश्न वरवर खेळाचा दिसला तरी मुळात तो न्यायाचा आहे. जिंकणाऱ्याची पारख सोपी असते. करंडक हातात असतो आणि तोच साक्ष देतो. परंतु ज्याच्या वाट्याला मोडकळीस आलेली संस्था आली आणि ज्याने ती केवळ बुडू दिली नाही, त्याच्या पदरात यशाचे माप किती घालावे? दुष्काळी सालात दावणीची जनावरे जगवणाऱ्या शेतकऱ्याला आपण ‘यंदा धान्य किती पोती झाले?’ असे विचारत नाही. पण जनावरे जगली एवढ्यावरून तो मोठा कर्तबगार ठरला, असेही म्हणत नाही. त्याच्या विहिरीला पाणी किती होते, शेजाऱ्यांचे काय झाले आणि पुढे पाऊस पडल्यावर त्याने काय केले, हे सारे पाहावे लागते. प्रस्तुत व्याख्यानात आम्ही हाच हिशेब एका माणसाबाबत मांडणार आहोत. त्यांचे नाव शॉन डाइश आणि क्लबाचे नाव एव्हर्टन.

प्रथम खेळाची घडी समजून घेऊ. इंग्लंडमधील फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीला प्रीमियर लीग म्हणतात. तीत वीस संघ असतात. प्रत्येक संघ इतर एकोणीस संघांशी एकदा घरच्या आणि एकदा परक्या मैदानावर खेळतो. म्हणजे हंगामात ३८ सामने. विजयाला ३ गुण, बरोबरीला १, पराभवाला शून्य. हंगाम संपला की तळाचे तीन संघ खालच्या श्रेणीत जातात आणि तेथून तीन संघ वर येतात. या घसरणीला रेलिगेशन म्हणतात. ही केवळ अब्रूची गोष्ट नाही. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून येणारे उत्पन्न एकदम आटते, चांगले खेळाडू विकावे लागतात आणि कचेरीत व मैदानावर राबणाऱ्या साध्या नोकरदारांच्याही पोटावर पाय येऊ शकतो.

‘मॅनेजर’ या शब्दाचाही खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे संघाचा मॅनेजर म्हटला की तिकिटे, सामान आणि मुक्काम यांची व्यवस्था पाहणारा गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. इंग्लंडमधला मॅनेजर म्हणजे संघ निवडणारा, सराव करून घेणारा आणि डावपेच ठरवणारा मुख्य माणूस. मात्र तिजोरीची किल्ली त्याच्या हाती नसते. हे ध्यानात ठेवावे. पुढे कामाला येईल.

एव्हर्टन हा लिव्हरपूल शहरातला जुना क्लब. १८८८ साली फुटबॉल लीग स्थापन झाली तेव्हाच्या बारा संस्थापक क्लबांपैकी तो एक, आणि १९५४ पासून तो सर्वोच्च श्रेणीतून कधीही खाली गेलेला नाही. २०१६ साली फरहाद मोशिरी हे धनिक क्लबात आले. पैसा पुष्कळ ओतला गेला, पण धोरण स्थिर राहिले नाही. २०१६ च्या उन्हाळ्यापासून साडेसहा वर्षांत डाइश हे सातवे कायम मॅनेजर होते, एवढे सांगितले की पुरे. मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे काही रशियन प्रायोजकांशी असलेले करार स्थगित करावे लागले. त्याच वेळी नव्या मैदानाच्या बांधकामाचा खर्च डोक्यावर होता. जानेवारी २०२३ मध्ये प्रेक्षकांचा रोष इतका वाढला की, एका सामन्याला संचालकांनी सुरक्षेच्या कारणास्तव आपल्याच मैदानाकडे फिरकू नये, असे ठरले. २३ जानेवारीला फ्रँक लँपर्ड यांना काढले गेले. थोड्याच दिवसांत अँथनी गॉर्डन हा तरुण खेळाडू न्यूकॅसलला विकला गेला. ३० जानेवारीला डाइश आले. दुसऱ्या दिवशी खेळाडू घेण्याची मुदत संपली आणि एकही नवा माणूस संघात आला नाही. घर पेटल्यावर आलेल्या कारभाऱ्याला बादलीसुद्धा मिळाली नाही, असा हा प्रकार.

आता पारखीला लागू. आमची पहिली कसोटी अशी: हाती काय आले आणि त्याचे काय केले? डाइश आले तेव्हा २० सामन्यांत १५ गुण होते, म्हणजे सामन्यामागे पाऊण गुण; संघ एकोणिसावा. उरलेल्या १८ सामन्यांत त्यांनी ५ जिंकले, ६ बरोबरीत सोडवले, ७ हरले. २१ गुण झाले. सामन्यामागे हे सव्वा गुणाला थोडे कमी पडते. जुन्याच गतीने संघ चालला असता तर हंगामाअखेर २८ किंवा २९ गुण झाले असते आणि बुडणे अटळ होते. खेळाडू तेच, तिजोरी तीच. बदलला तो मॅनेजर. म्हणून या वाढीचे श्रेय त्यांना देणे भाग आहे.

श्रेय कशाचे, हेही पाहावे. अब्दुलाय डुकुरे हा मधल्या फळीतला खेळाडू लँपर्ड यांच्या अखेरच्या काळात बाजूला पडला होता. डाइश यांनी त्याला परत घेतले. त्याने त्या हंगामात पाच गोल केले, ते सर्व डाइश आल्यानंतर. शेवटच्या दिवशी, २८ मे २०२३ रोजी, बोर्नमथविरुद्ध १–० असा विजय मिळवून देणारा गोलही त्याचाच. एव्हर्टनचे ३६ गुण झाले, लेस्टरचे ३४. तो गोल झाला नसता तर दोघांचे गुण समान झाले असते आणि गोलांच्या फरकाने एव्हर्टन खाली गेला असता. येथे दैवाचा वाटा आहेच. पण ज्या माणसाच्या पायातून तो गोल झाला त्याला अडगळीतून बाहेर काढणे हे दैवाचे काम नव्हते.

दुसरी कसोटी: चाललेल्या वाटेवर काय हिरावले गेले? २०२३-२४ च्या हंगामात एव्हर्टनपुढचा खरा प्रतिस्पर्धी मैदानाबाहेर होता. क्लबांना तेव्हा तीन वर्षांत साडेदहा कोटी पौंडांपर्यंतच तोटा करण्याची मुभा होती. एव्हर्टनने ती मर्यादा १ कोटी ९५ लाख पौंडांनी ओलांडल्याचे स्वतंत्र आयोगाने ठरवले आणि १७ नोव्हेंबर २०२३ रोजी १० गुण कापले. हा तोटा २०२२ च्या उन्हाळ्यापर्यंतच्या काळातला. तेव्हा डाइश क्लबात नव्हतेही. चौदाचे चार गुण झाले. अपिलानंतर २६ फेब्रुवारी २०२४ रोजी कपात ६ गुणांवर आली. ८ एप्रिलला दुसऱ्या प्रकरणात आणखी २ गुण गेले. आपल्या खात्यावर नेमके किती गुण आहेत, हे खेळाडूंना महिनोन्‌महिने निश्चित ठाऊक नव्हते. त्याच काळात अध्यक्ष बिल केनराइट यांचे निधन झाले. क्लब विकत घेऊ म्हणणारी ‘७७७ पार्टनर्स’ ही अमेरिकन संस्था सप्टेंबर २०२३ पासून दारात उभी राहिली; तिच्या कर्जावर रोजचा खर्च भागला आणि पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी तो सौदा मोडला.

अशा स्थितीत संघाने काय केले? कपातीनंतरचा पहिला सामना हरला आणि मग ओळीने चार जिंकले. त्या चारही सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. पुढे डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत लीगचे तेरा सामने विजयाविना गेले, हेही सांगितलेच पाहिजे; पारख करणाऱ्याने सोयीचे तेवढे उचलू नये. १५ एप्रिलला चेल्सीने ६–० असे धुळीस मिळवले. आणि त्यानंतर २१, २४ व २७ एप्रिलला, एका आठवड्यात, घरच्या मैदानावर तीन विजय आले. त्यांतला एक लिव्हरपूलविरुद्ध २–० असा होता. घरच्या मैदानावर या शेजाऱ्याला लीगच्या सामन्यात हरवण्याला साडेतेरा वर्षे लोटली होती. त्या आठवड्याने एव्हर्टन वाचला.

हंगामाअखेर तक्त्यावर ४० गुण आणि पंधरावे स्थान दिसते. पण मैदानावर कमावलेले गुण ४८ होते, म्हणजे सामन्यामागे सव्वा गुण. कपात नसती तर संघ बारावा आला असता. आमच्या मते मॅनेजरच्या खात्यावर ४८ च मांडले पाहिजेत. वडिलांचे कर्ज फेडण्यात मुलाची मिळकत गेली, म्हणून मुलगा कमावता नव्हता असे कोणी म्हणत नाही.

तिसरी कसोटी शेजाऱ्यांची. त्या वर्षी खालून वर आलेले तिन्ही संघ, लूटन, बर्नली आणि शेफील्ड युनायटेड, परत खाली गेले. अठराव्या लूटनचे गुण अवघे २६ होते. स्पर्धा दुबळी होती म्हणून एव्हर्टन तरला, असा आक्षेप यावरून कोणी घेईल. आक्षेप अगदीच पोकळ नाही. मात्र ४८ गुणांना शेजाऱ्यांच्या दुबळेपणाची गरज लागत नाही; त्या गुणांवर कोणत्याही साधारण वर्षी संघ सुखरूप राहतो. त्या हंगामात एव्हर्टनवर ५१ गोल झाले. याहून कमी गोल फक्त तीन संघांवर झाले. उलट त्यांनी स्वतः केलेले गोल ४०. याहून कमी गोल एकाच संघाचे. या दोन आकड्यांत डाइश यांचे सगळे चित्र येते. बांध पक्का, पेरणी थोडी.

आणि येथूनच चौथी कसोटी सुरू होते, जी बहुधा विसरली जाते: धोका टळू लागल्यावर माणूस पुढचे काम करू शकतो काय? २०२४-२५ च्या आरंभी पहिले चार सामने एव्हर्टन हरला. त्यांतल्या बोर्नमथविरुद्धच्या सामन्यात ८७ व्या मिनिटापर्यंत २–० अशी आघाडी होती. सामना ३–२ असा गेला. १९ सामन्यांत विजय ३, गुण १७, संघ सोळावा. डिसेंबर २०२४ मध्ये फ्रीडकिन समूहाने क्लब ताब्यात घेतला, तीन आठवड्यांनी, ९ जानेवारी २०२५ रोजी, डाइश यांना निरोप मिळाला आणि डेव्हिड मॉइज परत आले. उरलेल्या १९ सामन्यांत मॉइज यांनी ८ विजयांसह ३१ गुण मिळवले. संघ तेरावा आला. सामने सारखेच, खेळाडू बहुतांशी तेच. ज्या न्यायाने लँपर्ड यांच्या मागून आलेल्या डाइश यांना आम्ही श्रेय दिले, त्याच न्यायाने येथे त्यांच्या नावे तूट मांडली पाहिजे. मालकीचा घोळ मिटल्याचा लाभ मॉइज यांना झाला, ही वजावट करूनही तूट उरते. तराजू एकच ठेवायचा असेल तर तो दोन्ही बाजूंना लावावा लागतो.

मग निकाल काय? नुसत्या स्थानांवर पाहिले तर सतरावा, पंधरावा, आणि जाताना सोळावा. असा माणूस सामान्य वाटेल. ‘बुडू दिले नाही’ एवढ्यावर पाहिले तर तो तारणहार वाटेल. दोन्ही मते आळशी आहेत. आमचा निष्कर्ष असा की, नेमून दिलेले काम डाइश यांनी पहिल्या दोन हंगामांत चोख केले, आणि ज्या चुका त्यांच्या नव्हत्या त्यांची किंमत भरूनही केले. तिसऱ्या हंगामात कामाचे स्वरूप पालटू लागले आणि त्यांची हातोटी अपुरी पडली. त्यांना दूर करण्याचा निर्णय बरोबर ठरला म्हणून आधीचे यश खोटे ठरत नाही. आणि आधीचे यश खरे म्हणून तो निर्णय अन्याय ठरत नाही.

बर्नलीचे उदाहरण याला जोडून पाहावे. तेथे डाइश जवळजवळ साडेनऊ वर्षे होते. तुटपुंज्या पैशात त्यांनी तो लहान क्लब २०१८ साली सातव्या स्थानावर नेला. एप्रिल २०२२ मध्ये आठ सामने उरले असता त्यांना काढले गेले, आणि बर्नली तरीही खाली गेला. माणूस बदलला की नशीब बदलतेच, असा नियम नाही.

१८ मे २०२५ रोजी, १८९२ पासून घर असलेल्या गुडिसन पार्कवर एव्हर्टनच्या पुरुष संघाचा अखेरचा सामना झाला, आणि नव्या मैदानात क्लब गेला तो सर्वोच्च श्रेणीतला क्लब म्हणून. त्याआधीच्या दोन उन्हाळ्यांपैकी एकदा जरी तोल गेला असता, तर नदीकाठच्या त्या मैदानात खालच्या श्रेणीचे सामने पाहावे लागले असते.

आपल्या गावोगावच्या सहकारी संस्था, शाळा, वाचनालये यांचे कारभारीही आपण असेच तोलतो. भरभराटीतल्या कारभाऱ्याच्या गळ्यात हार पडतो, आणि ज्याने वाईट दिवसांत संस्थेचे दार बंद होऊ दिले नाही तो वार्षिक सभेत खाली मान घालून बसतो. त्याला काय मिळाले, त्याच्याकडून काय काढून घेतले गेले, शेजारी कसे होते आणि पाऊस पडल्यावर त्याने काय केले, हे चार प्रश्न आधी विचारावेत. मग हार घालायचा की निरोप द्यायचा, ते ठरवावे. प्रसंगी दोन्हीही द्यावे लागते.